वेल्श भाषा आयुक्तांचं ऑफिस: स्वतः वापरून बघितलं, ५ पैकी ४ स्टार

हॉटेलांचे, डेंटिस्टचे, ड्रायव्हिंग स्कूलचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, सरकारी ऑफिसचा कुणी लिहीत नाही आणि लिहिलाच तर नुसती आगपाखड करायला. मला मात्र एका सरकारी ऑफिसबद्दल मनापासून चांगलं लिहायचंय, आणि जिथे ते कमी पडतं तेही स्पष्ट सांगायचंय. ते म्हणजे वेल्श भाषा आयुक्तांचं ऑफिस. वेल्समधे, म्हणजे ब्रिटनच्या पश्चिमेकडच्या या छोट्या देशात, वर्षानुवर्षं राहणाऱ्या कितीतरी मराठी लोकांना असं काही असतं हेच माहिती नसतं, भाषेचा काही प्रश्न आला की "जाऊ दे ना, इंग्लिश येतं की आपल्याला" म्हणून विषय संपवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी हे नेमकं काय आहे ते. २०११ मधे वेल्सच्या असेंब्लीचा भाषा कायदा आला, त्यात वेल्श ही वेल्सची अधिकृत भाषा आहे असं स्पष्ट लिहिलं आणि तिच्या रक्षणासाठी न् प्रसारासाठी आयुक्त हे पद काढलं. १ एप्रिल २०१२ ला आधीचं वेल्श भाषा मंडळ जाऊन आयुक्तांचं काम सुरू झालं. पहिल्या आयुक्त मेरी हिउस, मग २०१९ मधे आलेद रॉबर्ट्स आले, ते पदावर असतानाच फेब्रुवारी २०२२ मधे वारले, आणि जानेवारी २०२३ पासून एवा ग्रिफिद जोन्स आहेत, ज्या त्याआधी मोठ्या माणसांना वेल्श शिकवणारं राष्ट्रीय केंद्र सांभाळायच्या. नेमणूक फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे वेल्स सरकारचे प्रमुख, करतात, मुदत ७ वर्षांची. म्हणजे सरकारनेच नेमायचं आणि मग त्या माणसाने सरकारलाही जाब विचारायचा, कारण वेल्सचे मंत्रीसुद्धा या नियमांखाली येतात. ही गोष्ट मला फार आवडते.

आता ग्राहक म्हणून आपल्याला काय मिळतं ते बघू, कारण रिव्ह्यू त्याचाच आहे.

कायद्याखाली "मानकं" आहेत, म्हणजे सरकारी संस्थेने वेल्शमधे काय काय करायलाच पाहिजे याचे लिखित नियम. पहिला गट ३० मार्च २०१६ पासून लागू झाला, कौन्सिल, नॅशनल पार्क आणि खुद्द वेल्स सरकार यांच्यासाठी, पुढे बाकीच्या संस्था आल्या, एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, हेल्थ बोर्डं मे २०१९ पासून. आयुक्त प्रत्येक संस्थेला वेगळी नोटीस देतात की बाबांनो, यातले हे हे नियम तुम्हाला, या या तारखेपासून. नियम वाचायला घेतले तर कंटाळवाणे वाटतील पण आत बारकावे किती आहेत बघा. मेन नंबरवर फोन आला तर आधी वेल्शमधे नमस्कार करायचा. वेल्शमधे पत्र आलं आणि त्याला उत्तर द्यायचं असेल तर वेल्शमधेच द्यायचं. नवीन बोर्ड लावताना वेल्श मजकूर अशा जागी पाहिजे की नजर आधी त्याच्यावर जाईल. हे ज्याने लिहिलं त्याला भाषा रोजच्या व्यवहारात कुठे कुठे मार खाते हे पक्कं ठाऊक होतं, नाहीतर "वेल्शला प्रोत्साहन देण्यात येईल" असं एक गुळगुळीत वाक्य टाकून मोकळं होता आलं असतं, तशी वाक्यं जगभरच्या भाषा धोरणांत ढिगाने सापडतात आणि त्यांचा कुणालाच उपयोग नसतो.

माझं काय झालं ते सांगते. संस्थेचं नाव घेत नाही, ती सार्वजनिक सेवा देणारी संस्था आहे एवढंच. माझी मुलगी वेल्श माध्यमाच्या शाळेत आहे, तिच्यामुळे मी संध्याकाळच्या क्लासला जायला लागले आणि पुढे हट्टाने ठरवलं की सरकारी कामं वेल्शमधून करायची, कारण क्लासमधे शिकलेलं बाहेर वापरलं नाही तर ते वहीतच राहतं. या संस्थेच्या फॉर्मवर पसंतीची भाषा वेल्श म्हणून टिक केली होती. पत्र आलं ते नुसतं इंग्लिश. फोन केला, मेनूमधे वेल्शसाठीचं बटण दाबलं, बराच वेळ म्युझिक, मग इंग्लिशमधे आवाज आला की वेल्श बोलणारं आत्ता कुणी नाहीये, इंग्लिशमधे लगेच काम होईल, चालेल का? आवाज अतिशय गोड, माणूस अतिशय सौजन्यशील, आणि नेमकं तिथेच माणूस विरघळतो. कारण मागे तुमचं काम अडलेलं असतं, समोरचा छान बोलतोय, मग कशाला ताणायचं. मी त्या दिवशी इंग्लिशमधे काम करून घेतलं पण फोन ठेवल्यावर डोक्यात तेच फिरत राहिलं की माझं ठीक आहे, पण जे घरात जन्मापासून वेल्शच बोलतात त्यांना हा प्रश्न आयुष्यभर किती वेळा विचारला गेला असेल.

क्लासच्या सरांना सांगितलं तर ते म्हणाले आयुक्तांकडे तक्रार कर, त्यासाठीच तर आहेत. मला आधी वाटलं हे जरा अतीच होतंय, बाहेरून आलेली बाई, वेल्श अजून अडखळत बोलते, आणि हिची तक्रार! सर म्हणाले, कायदा असं कुठेच म्हणत नाही की जन्मापासून बोलता आली पाहिजे. आणि खरंच, कुठेही विचारलं नाही की तुमचं वेल्श कितपत आहे. नाव, संपर्क, कुणाबद्दल तक्रार आहे, काय झालं, कधी झालं, एवढंच. वेल्शमधे लिहा नाहीतर इंग्लिशमधे. एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही. मी माझ्या तोडक्यामोडक्या वेल्शमधे लिहिलं, सोबत पत्राचा फोटो आणि फोनची तारीख वेळ. उत्तर साध्या सरळ वेल्शमधे आलं, मला डिक्शनरी फार उघडावी लागली नाही. तक्रार पोचली, आता ती कोणत्या नियमात बसते ते तपासू, मग चौकशी करायची की नाही ते कळवू, असं टप्प्याटप्प्याने सांगितलेलं. मधे गोष्टी कुठवर आल्या हेही कळवत होते. शेवट असा की त्या संस्थेकडून मला दोन्ही भाषांतलं पत्र आलं, दिलगिरीसकट, आणि आता ते बटण दाबलं की वेल्श बोलणारं माणूस उचलतं, किंवा वेल्शमधे मेसेज ठेवता येतो आणि फोन परत येतो. मी अधूनमधून मुद्दाम करून बघते.

चौकशी पूर्ण झाली आणि संस्था चुकलेली निघाली तर आयुक्तांच्या हातात काय काय आहे तेही सांगते, कारण पुष्कळ लोक म्हणतात यांना दात नाहीत. ठराविक गोष्टी करा असा आदेश देता येतो, सुधारणेचा आराखडा मागता येतो, चूक झाली हे जाहीर करायला लावता येतं, आणि ५,००० पाउंडांपर्यंत दंड करता येतो. आदेश पाळला नाही तर कोर्टात जाता येतं. संस्थेला निर्णय मान्य नसेल तर वेगळं भाषा ट्रायब्युनल आहे, आणि महत्त्वाचं म्हणजे तक्रारदारालाही तिथे जाता येतं, आयुक्तांनी चौकशीच करायची नाही असं ठरवलं तर त्या निर्णयाला तुम्ही आव्हान देऊ शकता. रेफ्रीवर पण रेफ्री आहे.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की एका पत्रासाठी एवढा खटाटोप? त्यांनी आयलीन आणि ट्रेव्होर बीझली या नवराबायकोची गोष्ट जरूर वाचावी. लानेली जवळचं लानगेनेख गाव, नवरा कोळसा खाणीत कामाला. १९५२ मधे त्यांनी ठरवलं की घरपट्टीचं बिल वेल्शमधे आल्याशिवाय भरायचं नाही. गावात जवळपास सगळे वेल्श बोलणारे, कौन्सिलमधले लोकही वेल्श बोलणारे, आणि बिल मात्र नुसतं इंग्लिश. कौन्सिलने कोर्टात खेचलं, डझनाहून जास्त वेळा कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, जप्तीवाले घरात शिरून फर्निचर उचलून घेऊन गेले, ते एकदा नाही, परत परत. घरात लहान मुलं. आठ वर्षं चाललं हे. १९६० मधे दोन्ही भाषांतलं बिल आलं. आठ वर्षं, एका बिलासाठी! आज माझ्या घरी कौन्सिल टॅक्सचं बिल येतं ते दोन्ही भाषांत असतं, ते मी न बघता ड्रॉवरमधे टाकते, आणि ही गोष्ट कळल्यापासून मला त्या कागदाकडे बघायची वेगळीच नजर आली. पुढे १९६२ मधे वेल्श लेखक सॉन्डर्स लुईसने रेडिओवर भाषण केलं, हेच चाललं तर भाषा मरेल म्हणून, त्यात या बीझली कुटुंबाचं उदाहरण दिलं, त्यातून वेल्श भाषा संघटना उभी राहिली, फेब्रुवारी १९६३ मधे अ‍ॅबरिस्टविथच्या पुलावर तरुण पोरांनी रस्ता अडवला, मग इंग्लिश बोर्डांना काळं फासणं, तुरुंग, आणि १९८० मधे वेल्श राष्ट्रवादी नेता ग्विन्वोर एव्हान्सने वेल्श टीव्ही चॅनलसाठी आमरण उपोषणाचा इशारा दिला तेव्हा थॅचर सरकार नमलं आणि १९८२ मधे एस-फोर-सी सुरू झालं. १९६७ चा कायदा, १९९३ चा कायदा, मग २०११ चा. हे ऑफिस कुणा मंत्र्याच्या डोक्यातून एका सकाळी निघालेलं नाही. माणसांनी घरातलं सामान गमावून, तुरुंगात जाऊन मिळवलेल्या गोष्टीसाठी आज आपल्याला एक फॉर्म भरावा लागतो, तो तरी भरावा.

आता नारिंगी बॅजबद्दल, कारण तक्रार वगैरे न करणाऱ्यांनाही हे ऑफिस रोज दिसतं ते त्यातूनच. बोलण्याच्या फुग्याच्या आकाराचा नारिंगी बिल्ला, त्यावर भाषेचं नाव. ज्याच्या अंगावर तो आहे त्याच्याशी बिनधास्त वेल्श बोला. शिकणाऱ्यांसाठी पण वेगळा आहे. आयुक्तांचं ऑफिस हे संस्थांना फुकट देतं. एवढीशी वस्तू पण काय काम करते ते मी हॉस्पिटलमधे बघितलं. आमच्या शेजारच्या आजी मूळच्या वायव्य वेल्समधल्या ग्विनेदच्या, तिकडे २०२१ च्या जनगणनेतही ६४ टक्के लोक वेल्श बोलणारे, आजींचं सगळं लहानपण वेल्शमधे, इंग्लिश त्या नंतर शाळेत गेल्यावर शिकल्या. गेल्या काही वर्षांत स्मृती गेली, आणि स्मृतिभ्रंशात बऱ्याच जणांची नंतर शिकलेली भाषा आधी जाते तशी त्यांचीही गेली. वॉर्डात त्यांना काय होतंय ते सांगता येईना, डॉक्टर इंग्लिशमधे विचारतायत, त्या गप्प, आणि फाइलवर लिहिलं जातंय की पेशंट प्रतिसाद देत नाही. त्यांची लेक अजून पोचली नव्हती, मीच होते बसलेली. संध्याकाळच्या पाळीची नर्स आली, तिच्या युनिफॉर्मच्या बाहीवर तो नारिंगी फुगा शिवलेला होता. मी तिला म्हटलं यांच्याशी वेल्श बोलून बघा ना. ती पलंगाच्या कडेला बसली, हात हातात घेतला आणि "कुठे दुखतंय, बाई?" असं वेल्शमधे विचारलं. आजींनी मान वळवली, पोटावर हात ठेवला आणि बोलायलाच लागल्या. किती वेळ बोलत होत्या. दुखतंय कुठे, कधीपासून, उशी कशी पाहिजे, सगळं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोण काय म्हणेल ते म्हणो, भाषेचा हक्क म्हणजे भावनेचा, अस्मितेचा विषय असं जे समजतात त्यांनी असा एक वॉर्ड बघावा, तिथे तो औषधाचा विषय होता.

म्हणूनच मला वाटतं आयुक्तांनी हॉस्पिटलांच्या मागे सगळ्यात जास्त लागायला पाहिजे. तिथे अजून पुष्कळ गोष्टी नर्स नशिबाने कोणती मिळते यावर चालतात. आणि आपला नेहमीचा जीपी (फॅमिली डॉक्टर), डेंटिस्ट, औषधाचं दुकान यांच्यावर ही मानकं थेट लागू नाहीत, त्यांच्या करारात काही थोडी भाषेची कर्तव्यं आहेत आणि ती हेल्थ बोर्डाने बघायची. म्हणजे आजारी माणूस पहिल्यांदा जिथे जातो तिथेच नियम सगळ्यात पातळ!

तर आता एक स्टार का कापला ते.

सगळ्यात मोठं म्हणजे खाजगी क्षेत्र. सुपरमार्केट, बँका, मोबाइल कंपन्या, यांच्यावर मानकं लागू नाहीत. दिवसभरात आपण सरकारी ऑफिसशी बोलतो किती आणि दुकानाशी, बँकेशी बोलतो किती? २०२४ च्या सुरुवातीला एका मोठ्या बँकेने आपली वेल्श फोन लाइन बंद केली, का तर कॉल कमी येतात, लोक ओरडले, आयुक्तांनी नाराजी व्यक्त केली, पण बंद करू नका असा आदेश देण्याचा अधिकारच नाही, मग काय करणार. कंपन्यांसाठी आयुक्तांकडे आहे ती "वेल्श ऑफर" नावाची मान्यता, कंपनीने किंवा धर्मादाय संस्थेने स्वतःहून योजना करायची, आयुक्तांनी ती तपासून मंजूर करायची, मग ते चिन्ह दाखवायचं. चांगली आहे योजना, ज्यांना मनातून करायचंय त्यांना मदत होते, मी स्वतः ते चिन्ह असलेल्या ठिकाणी आवर्जून जाते. पण ज्यांना करायचंच नाही त्यांना त्याने काय फरक पडतो?

एक अपवाद आहे तो मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. दोन माणसं आपसात वेल्श बोलतायत आणि तिसऱ्याने, म्हणजे समजा मॅनेजरने, ते थांबवलं, तर आयुक्तांकडे जाता येतं, आणि ते खाजगी कंपनीबद्दल सुद्धा. चौकशी होते, अहवाल निघतो. पण शिक्षा करता येत नाही, इथेही तेच. नाव बाहेर येण्याची भीती हाच काय तो धाक. मला विचाराल तर कामाच्या जागी स्वतःची भाषा बोलू न देणं ही पत्र इंग्लिशमधे येण्यापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट आहे आणि तिच्यासाठीच हात बांधलेले आहेत, हे उलटं आहे.

दुसरं, दंडाची मर्यादा. ५,००० पाउंड ही मोठ्या कौन्सिलला किंवा हेल्थ बोर्डाला काही रक्कम नाही. कुणी म्हणेल दंड शेवटी जनतेच्याच पैशातून जाणार, वाढवून काय उपयोग, आणि त्यात तथ्य आहे, म्हणून मी दंडापेक्षा चूक जाहीर करायला लावण्याच्या बाजूची आहे. चूक झाल्याचं आपल्याच वेबसाइटवर लावावं लागलं की सगळं ऑफिस जागं होतं.

तिसरं, सगळी यंत्रणा बरीचशी तक्रारीवर चालते. आयुक्त स्वतःहून तपासण्या करतात, अहवाल काढतात, हे खरं, पण कुठे काय बिघडलंय ते कळण्याचा मुख्य रस्ता अजूनही तुम्ही आम्हीच. आणि लोक तक्रार करत नाहीत. आजींच्या पिढीला तर सवयच लागलीय की सरकारी माणूस समोर आला की आपोआप इंग्लिश सुरू, शाळेत वेल्श बोललं म्हणून मुलांच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे त्या काळच्या आठवणी घराघरात सांगत आलेल्या, त्यातून आलेला संकोच फॉर्मने जात नाही. शिवाय कायद्यातली चौकशीची पद्धत पायऱ्यापायऱ्यांची आहे, दोन्ही बाजूंचं म्हणणं, प्रस्तावित निर्णय, त्यावर परत म्हणणं, न्यायाच्या दृष्टीने बरोबर आहे ते, पण ज्याची अपॉइंटमेंट उद्या आहे त्याला उद्याच वेल्श बोलणारा माणूस पाहिजे असतो.

आणि कोणत्या संस्थेला कोणता नियम हे सामान्य माणसाला पटकन कळत नाही. नोटिसा आयुक्तांच्या वेबसाइटवर आहेत, सगळ्यांना बघता येतात, पण वाचायला बसलात तर दुपार जाते. माझं सुचवणं असं की प्रत्येक संस्थेसाठी एका पानावर साध्या भाषेत लिहा, इथे तुम्हाला हे हे मिळालंच पाहिजे. खरं म्हणजे हे त्या त्या संस्थेच्या काउंटरवरच लावलेलं पाहिजे.

नुसतं भाषांतर म्हणजे सेवा नव्हे हेही सांगायला पाहिजे. आयुक्त यायच्या आधीची, २००८ ची गोष्ट, स्वॉन्झीत रस्त्यावर बोर्ड लागला, इंग्लिशमधे अवजड वाहनांना बंदी आणि खाली वेल्शमधे "मी सध्या ऑफिसमधे नाही, भाषांतराचं काम पाठवून ठेवा". ईमेलचं आपोआप आलेलं उत्तर कुणीतरी तसंच छापून टाकलं होतं. जगभर फिरला तो फोटो, लोक हसले. मला त्यात दिसतं ते हे, की बोर्ड बनवण्यापासून खांबावर चढवेपर्यंत इतक्या हातांतून तो गेला आणि त्यातल्या एकालाही ते वाचता आलं नाही. म्हणून मानकांमधे नोकरभरतीच्या वेळी या जागेला वेल्श लागते का ते तपासा, कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेत शिकायची सोय करा, असेही नियम आहेत, ते मला बोर्डांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. माणूस तयार झाला की बोर्ड आपोआप नीट होतो.

बरं, हे ऑफिस जवळजवळ बंदच होणार होतं हे किती जणांना माहितीय? ऑगस्ट २०१७ मधे वेल्स सरकारनेच प्रस्ताव आणला की आयुक्त हे पद काढून एक कमिशन करूया, नियमांवर देखरेखीपेक्षा प्रसारावर भर देऊया. भाषेसाठी लढणाऱ्यांनी कडाडून विरोध केला, त्यांचं म्हणणं होतं की हक्कासाठी भांडणारं स्वतंत्र माणूसच उरणार नाही. फेब्रुवारी २०१९ मधे सरकारने तो विचार सोडला. मला हा निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो. प्रसार करायला शाळा आहेत, क्लास आहेत, आइस्टेडवोड सारखे उत्सव आहेत, सरकारची खाती आहेत. पण माझं पत्र इंग्लिशमधे का आलं हे त्या संस्थेला अधिकाराने विचारणारं दुसरं कुणी नाही.

आकडे मात्र काळजीचे आहेत, ते लपवून रिव्ह्यू पूर्ण होणार नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांनी वेल्श येतं असं सांगितलं, १९ टक्के. २०२१ मधे सुमारे ५ लाख ३८ हजार, १७.८ टक्के. सरकारचं ध्येय २०५० पर्यंत १० लाख. म्हणजे आयुक्त आले, मानकं आली, आणि त्याच दशकात आकडा खाली गेला. काही जण हे आयुक्तांच्या डोक्यावर फोडतात, ते मला पटत नाही. ३ ते १५ वयाच्या मुलांमधली घट त्यात सगळ्यात मोठी होती, शिवाय जनगणना झाली ती कोविडमधे शाळा बंद पडण्याच्या काळात, मुलांबद्दल आईवडिलांनी भरलेलं उत्तर. आणि वायव्येकडच्या गावांतून तरुण मुलं कामासाठी बाहेर जातात, घरं बाहेरच्यांच्या सुट्टीच्या घरांत बदलतात, यावर आयुक्तांचा काय इलाज? घरांच्या किमती भाषा आयुक्त ठरवत नाहीत. त्यांच्या हातात आहे ते एवढंच की जो बोलतोय त्याला बोलणं सोपं जावं, आणि ते काम ते करतायत असा माझा अनुभव आहे.

कुणाला वापरायचं असेल तर माझ्याकडून थोडं व्यवहाराचं. फॉर्मवर पसंतीची भाषा लिहिली असेल त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. फोन केला की तारीख, वेळ, कोणतं बटण दाबलं, समोरून काय उत्तर आलं हे लगेच लिहून ठेवा, आठवड्याने आठवत नाही. पत्राचं पाकीटसुद्धा फेकू नका. बोर्ड, तिकीट मशीन, पार्किंग मशीन असेल तर फोटो काढा, जागा दिसेल असा. तक्रारीची भाषा शांत ठेवा, काउंटरवरच्या माणसाचं नाव घेऊन झोडू नका, त्याला बिचाऱ्याला वेल्श येत नाही यात त्याची चूक नसते, दोन माणसं वेल्श बोलणारी न नेमणाऱ्या संस्थेची असते. शिकत असाल तर वेल्शमधेच लिहा, चुका होऊ द्या, माझ्या पत्रात भरपूर होत्या आणि तरी काम झालं. ज्यांची मुलं वेल्श माध्यमात आहेत त्यांनी तर मुलांना शेजारी बसवून लिहावं. माझ्या मुलीने माझं पत्र तपासून दिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जो काही भाव होता, आईने आपल्या शाळेची भाषा भांडायला वापरली म्हणून, त्यासाठी मी आणखी दहा फॉर्म भरीन.

५ पैकी ४. खाजगी कंपन्यांवर अधिकार मिळाला की पाचवा स्टार त्याच दिवशी देईन.